सगळ्यांच्या वतीनं

नोएडा, २४ ऑक्टोबर २०२५

ती. दादा,

'ती.' लिहायचं नव्हतं, पण हात आपोआप वळला. आईनं लावलेल्या सवयी तुझ्या वागण्यानं सुटत नाहीत. बाकी साष्टांग नमस्कार वगैरे तुझं तू समजून घे.

काल भाऊबीज होती. ब्लू लाइनच्या या टोकाहून त्या टोकापर्यंत मांडीवर पिशवी घेऊन आले. पिशवीत ताम्हन, निरांजन, सुपारी आणि आईसाठी शंकरपाळे. तुमच्या सोसायटीच्या गेटवर गार्डनं नाव विचारलं, फोनवर काहीतरी दाबलं आणि जरा वेळानं माझ्याकडे न बघता म्हणाला, "मैडम, फ्लैट से डिनाय आया है."

मी म्हटलं, "भैया, एक बार फिर भेजो. ग़लती से दब गया होगा."

त्यानं पुन्हा पाठवलं. पुन्हा तेच. दादा, एकदा चुकून दाबलं जातं, दोनदा नाही. तो गार्ड बिचारा मला बसायला स्वतःची खुर्ची देत होता. शंकरपाळे त्याला देऊन मी परत फिरले. सख्ख्या भावापेक्षा त्यानं जास्त आदरानं घेतले.

तू माझा नंबर ब्लॉक केलास आणि गेटच्या अ‍ॅपवर मला अडवलंस, म्हणून हे पत्र. पोस्टमनला अजून तुमच्या अ‍ॅपची परवानगी लागत नाही. तळमजल्यावरच्या पेटीत बँकेच्या पाकिटांबरोबर हेही पडेल, आणि तू ते उघडशील. तुला कुणाचं काही न उघडता ठेवता येत नाही.

आणि हे सगळं कशावरून, तर गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात त्या निवेदन करणाऱ्या मुलीनं आईला विचारलं, "आजी, एखादं जुनं गाणं म्हणता?" आई पदर सावरून उठायला लागली होती. मी बघत होते. तेवढ्यात तू पहिल्या रांगेतून ओरडलास, "नाही नाही, तिला आता झेपत नाही." आई पुन्हा खाली बसली. मग मी माईक घेतला आणि म्हटलं, "आधी तिला विचारा. तिला तोंड आहे." लोक हसले. तू मंडळाचा सेक्रेटरी, शेजारी तुझे सासू-सासरे, तुझी शोभा झाली. पण माईक नसता तर तू ऐकलं असतंस का? आजवर कधी ऐकलंस?

ज्या बाईनं आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून अख्ख्या दिल्लीचे ट्रंक कॉल जोडून दिले, तिच्याशी बोलायला मला तुझी परवानगी लागते. लोकांच्या बारशाच्या आणि मरणाच्या बातम्या तिच्या बोटांखालून गेल्या. आणि तू म्हणतोस, तिला झेपत नाही.

तिच्या पंचाहत्तरीला मी मोठ्या अक्षरांचा फोन दिला होता. त्यावरून रोज सकाळी मला हात जोडलेलं चित्र येतं. "आई, गुडघा कसा आहे?" असं विचारलं तरी हात जोडलेले. "आई, थंडीचे कपडे काढलेस का?" हात जोडलेले. "आई, तू माझ्यावर रागावली आहेस का गं?" पुन्हा तेच हात. फोन लावला तर कुणी उचलत नाही. आई अशी मिठाची गुळणी धरून बसणारी बाई नाही. ते हात कुणाचे आहेत हे सरलावहिनीला एकदा विचार.

माझं मागणं एकच आहे. मला तिचा आवाज ऐकव.

नीला


नोएडा, ९ नोव्हेंबर २०२५

दादा,

वहिनीच्या फोनवरून आलेला तुझा मेसेज मिळाला. "आई मजेत आहे. तिला फोनचा त्रास होतो. तिला सध्या कुणाशी बोलायचं नाही. पत्रं पाठवू नकोस, सोसायटीत चर्चा होते."

पहिली तिन्ही वाक्यं आईबद्दल आहेत. त्यातलं एकही आईचं नाही.

असली वाक्यं ऐकण्याचाच मला पगार मिळतो, म्हणून मला ती लगेच ओळखू येतात. मी नेमकं काय करते हे तू कधी विचारलं नाहीस. पाहुण्यांना सांगताना "ती जनगणनेत आहे" म्हणून मोकळा होतोस. मी जनगणनेत नाही. देशात मोबाइल, कॉम्प्युटर, इंटरनेट कुणाकडे आहे आणि ते खरोखर कोण वापरतं, याची आम्ही घरोघर जाऊन पाहणी करतो. दारोदार फिरणाऱ्या मुलींची मी सुपरवायझर. त्या टॅबवर उत्तरं भरतात, मी ती तपासते आणि शंका आली की त्याच घरी पुन्हा जाऊन खात्री करते. त्याला आम्ही फेरतपासणी म्हणतो.

या कामात एक रोग आहे. दार कुणीही उघडो, उत्तरं देतो घरातला पुरुष. बायकोची, आईची, सुनेची, सगळ्यांची. गेल्या वर्षी नोएडातच एका घरी फेरतपासणीला गेले होते. नवरा सोफ्यावर पाय पसरून म्हणाला, "लिखिए, मैडम, हमारी मिसेज़ इंटरनेट नहीं चलातीं." आणि आतून स्वयंपाकघरातून एका बाईचा आवाज येत होता, "अब इसमें आधा चम्मच हल्दी डालिए." मिसेस फोनवर बघून भाजी करत होत्या. मी म्हटलं, उन्हें बुलाइए. तर म्हणतो, "उसे क्या पता, मुझसे पूछिए ना."

आणि हे काही साध्याच घरात होतं असं समजू नकोस. तुमच्या द्वारकेतल्या उंच सोसायट्यांमधली शिकलेली घरं त्याहून बिलंदर. तिथे मुलगा छाती पुढे काढून सांगतो, "हमारे यहाँ मम्मी भी सब चलाती हैं, एकदम टेक-सॅव्ही हैं." मम्मींना जाऊन विचारलं की कळतं, फोन आहे, पण कपाटात, आणि चार्जर सुनेच्या खोलीत. एकीकडे बाईचं 'हो' नवरा पुसतो, दुसरीकडे म्हातारीचं 'नाही' मुलगा पुसतो. मग या उत्तरांची बेरीज करून टक्केवारी काढायची, ती वर्तमानपत्रात छापायची, आणि त्यावरून देशानं ठरवायचं की कुठली सोय फोनवर न्यायची आणि कचेरीतली कुठली खिडकी बंद करायची. ज्या म्हातारीला सगळ्यांनी 'चालवते' म्हटलं, तिच्यासाठी खिडकी कशाला उघडी ठेवतील?

मी ऑफिसात यावरून दोन वर्षं भांडले. आमचे विनयसाहेब उंटावरून शेळ्या हाकणारे. म्हणायचे, "नीला, एका घरात एक माणूस पुरतो. टार्गेट बघ." मी पुरुषांच्या तोंडून आलेली बायकांची उत्तरं परत पाठवत राहिले. शेवटी वैतागून का होईना, त्यांनी नियम मान्य केला. आता प्रत्येक प्रौढ माणसानं स्वतःच्या तोंडानं उत्तर द्यायचं. शक्य असेल तर करून दाखवायचं. तो नियम मी लिहिलाय. शब्दन् शब्द माझा आहे.

तो लिहिताना मला कुणाची आठवण येत होती ते तुला सांगायला नको.

तू मेसेजमध्ये लिहिलंस तिला कुणाशी बोलायचं नाही. ठीक. तिला फोन दे आणि हे तिला माझ्याशी बोलून सांगू दे. मी पुन्हा त्रास देणार नाही.

नीला


नोएडा, २३ नोव्हेंबर २०२५

दादा,

हे वाचून तू म्हणशील की मी मुद्दाम केलं. म्हण. तुझा विश्वास बसावा म्हणून मी लिहीत नाही.

आमच्या पाहणीच्या नव्या फेरीत घरं कॉम्प्युटर निवडतो, चिठ्ठ्या टाकल्यासारखी. द्वारकेतल्या निवडलेल्या सोसायट्यांत तुमची आली. तुमच्या सोसायटीतल्या निवडलेल्या घरांत तुझं आलं. यादी हातात आली तेव्हा मी विनयसाहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं, हे माझ्या भावाचं घर आहे, मी यात नसेन. ते हसून म्हणाले, "अरे, बढ़िया! मग फोनवरच भरून टाक की." मी म्हटलं, भावाला माझे फोन लागत नाहीत.

तर ऐक. तुमच्याकडे निधी नावाची मुलगी येईल. तुला ऑफिसचं पत्र मिळालं असेलच. सरकारी शिक्का दिसला की तू लोकांना आधी चहा विचारतोस हे मला ठाऊक आहे, म्हणून गेटवर तिला अडवणार नाहीस. निधीला मी एवढंच सांगितलंय की घर माझ्या नात्यातलं आहे. तिला बजावलंय की त्या घरातून मला फोन करायचा नाही, काही अडलं तर आमच्या दुसऱ्या सुपरवायझरला, गुणवंतला विचारायचं, आणि त्या घरातलं एकही उत्तर मला सांगायचं नाही. त्या घराची माहिती तपासायला माझ्याकडे येणार नाही. जे लोकांना शिकवते ते स्वतः मोडलं तर उद्या मुली माझं ऐकतील कशाला?

म्हणजे मला काहीही कळणार नाही. आईकडे फोन आहे की नाही, ते हात कुणाचे, तिला माझ्याशी बोलायचंय की नाही, काहीच नाही.

पण एक होईल. कुणीतरी परकी मुलगी आईसमोर बसेल आणि तिलाच विचारेल. तू उत्तर दिलंस तर ती म्हणेल, "सर, आपसे नहीं, इनसे." हे वाक्य मी तिच्याकडून घोकून घेतलंय. तुमच्या घरात हे वाक्य कुणी तरी उच्चारणार, एवढ्यावर मी आठ दिवस खूश आहे. माझ्यासारख्या बाईला आता एवढंही पुरतं.

नीला


नोएडा, ५ डिसेंबर २०२५

दादा,

मंगळवारी दुपारी काय झालं ते तुला माहीत आहे. तू तिथे उभा होतास. मी नव्हते. तरी मी तुला सांगते, कारण माझ्या बाजूला काय झालं ते तुला माहीत नाही, आणि आईला तर मुळीच नाही.

मी ऑफिसात जेवत होते. निधीचा फोन आला. मला ठाऊक होतं ती त्या वेळी तुमच्याकडे आहे. मी कापला. लगेच पुन्हा आला. मला राग आला. इतकं बजावून या मुली ऐकत कशा नाहीत? पुन्हा कापला आणि तिला मेसेज टाकला, "मैंने कहा था ना, उस घर से मुझे फ़ोन मत करो." मग डबा संपवला. तूप-मेथीचा ठेपला होता. चव अजून तोंडात आहे, जात नाही.

संध्याकाळी निधी आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. मी झापायला सुरुवात केली. ती म्हणाली, "मैम, बाहर चलिए ना, प्लीज़." मेट्रोखालच्या चहाच्या टपरीवर आम्ही उभ्या राहिलो. ती म्हणाली, "मैम, जवाब मैं नहीं बताऊँगी. आपने ही सिखाया है. पर वो कॉल जवाब नहीं था. वो आपका था."

मग तिनं सांगितलं.

प्रश्न होता, स्वतःहून कुणाला फोन लावता येतो का. तू म्हणालास, "बिल्कुल, सब करती हैं." निधी म्हणाली, "सर, आपसे नहीं, इनसे." माझं वाक्य. आईनं हात पुढे केला. "लाओ, बेटा, अपना फ़ोन दो. करके दिखाती हूँ." निधीनं दिला. नियमच आहे, करून दाखवायचं. आईनं चष्मा सारखा केला आणि माझा नंबर एकेक आकडा लावला. निधीला म्हणाली, "एक्सचेंज में थी मैं. नंबर लिखकर नहीं रखती, याद रखती हूँ." स्क्रीनवर 'नीला मैम' आलं तेव्हा त्या पोरीला कळलं ती कुणाच्या आईसमोर बसलीय.

मी कापला. आईनं पुन्हा लावला. मी पुन्हा कापला. फोन आईच्याच हातात होता, दादा, जेव्हा माझा मेसेज आला. मोठ्या अक्षरांत, स्क्रीनच्या मधोमध. आईनं तो वाचला. निधीला तो दिसला तो तुमच्या गेटबाहेर पडल्यावर.

निधी म्हणते, तिनं फोन परत केला आणि म्हणाली, "राजा ठीक कहता है. नहीं उठाती." बस. मग पुढच्या प्रश्नांची उत्तरं देत बसली.

राजा ठीक कहता है. म्हणजे तू तिला सांगत आलास की नीला फोन उचलत नाही. माझा नंबर तू बंद केलास, गेट तू बंद केलंस, आणि तिला सांगितलंस की उचलत नाही ती मीच. आणि तिच्याकडे स्वतःचा फोन असता तर तिनं परक्या पोरीपुढे हात पसरला असता का? ते जोडलेले हात कुणाचे होते हे आता मला कुणी सांगायला नको. वहिनीला म्हणावं, पुरे झालं.

पण मला तुझ्याहून जास्त चीड माझीच येतेय, हे तुला कळणार नाही. तुला कळावं अशी अपेक्षाही नाही. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. तुझ्या खोट्याला इतके दिवस पुरावा नव्हता. तो मी दिला. तिच्या डोळ्यांदेखत, लेखी. आणि तू तिथे उभा होतास. "आई, तिला माहीत नाही तू फोन केलायस," एवढंच म्हणायचं होतं. सगळ्या घराच्या वतीनं बडबडणाऱ्या माणसाला नेमकं तेव्हा बोलायला झेपलं नाही.

निधीनं टॅबवर काय भरलं ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. पण नियम माझा आहे. करून दाखवलं की 'हो'. म्हणजे पुढच्या वर्षी जे आकडे छापून येतील त्यात आई 'हो'मध्ये असेल. स्वतः फोन लावू शकते. तुझं उत्तरही तेच होतं, नाही का? तूही 'हो'च म्हणाला होतास. मी दोन वर्षं भांडले, नियम बदलला, आणि शेवटी तुझं आणि माझं उत्तर एकच निघालं. आकडा बरोबर आहे. त्यात काहीही चूक नाही. कुणी उचलला की नाही, असा प्रश्न आमच्या यादीत नाही.

काल पुन्हा आले होते. गार्डनं मला ओळखलं. यावेळी त्यानं विचारलंसुद्धा नाही, नुसती मान हलवली. मी बराच वेळ तुमच्या बाल्कनीकडे बघत उभी होते. वाळत घातलेली तिची निळी साडी दिसली. हाक मारली असती, पण आठव्या मजल्यावर पोचते कुठे? आणि पोचली असती तरी ती कशाला बाहेर आली असती? तिला वाटतंय तिच्या लेकीनं तिला लिहून कळवलंय, या घरातून फोन करू नकोस म्हणून.

तिच्या नावानं पत्र लिहिलं तर तू उघडशील. निधीला पुन्हा पाठवता येत नाही, त्या घराचं काम संपलं. फेरतपासणीला मी जाऊ शकत नाही, कारण मीच तसं लिहून दिलंय. सगळीकडून बघितलं. आईपर्यंत जायला आता एकच माणूस उरलाय आणि तो तू आहेस.

म्हणून, दादा, मी तुला विनंती करते. रागानं नाही. रागानं लिहून बघितलं, त्याचं काय झालं ते दिसतंच आहे. तू आजवर सगळ्यांच्या वतीनं बोलत आलास. आईच्या, वहिनीच्या, बाबा गेले तेव्हा बाबांच्याही. आता एकदा माझ्या वतीनं बोल. मला ब्लॉक केलेलं राहू दे, गेटही बंद राहू दे, तो फोनही हवा तर कपाटात ठेव. फक्त तिच्याजवळ बस आणि मराठीत, हळू, तिला सांग, "नीलाला माहीत नव्हतं तो फोन तुझा होता. कळलं असतं तर तिनं पहिल्या रिंगला उचलला असता."

यात तुझं एकही वाक्य घालू नकोस. आणि ती काय म्हणाली ते मला कळवू नकोस. तुझ्या तोंडून आलेलं तिचं उत्तर मला नको.

तू खरंच सांगितलंस की नाही, याची फेरतपासणी करायला माझ्याकडे कुणी नाही. तुझ्यावर विश्वास ठेवावा लागेल.

नीला